पॉलिप दिसला म्हणजे कॅन्सर असं नसतं

मा. संपादक,
नमस्कार. तुमच्या आरोग्य पुरवणीतला आतड्याच्या कॅन्सरवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेला उंचवटा) म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी असं त्यात सरसकट लिहिलंय. ज्यांच्या घरी अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स अशा आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहणाऱ्या आजाराचा पेशंट आहे त्यांची झोपच उडेल हे वाचून.

माझ्या भावाला बरीच वर्षं कोलायटिस आहे. कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं तपासतात त्या) रिपोर्टमध्ये नुसतं 'मल्टिपल पॉलिप्स' लिहिलेलं, बायोप्सीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत आई जेवत नव्हती. निघाले स्यूडोपॉलिप! सूज येऊन आतड्याच्या अस्तराला जखमा होतात, त्या भरून येताना मधलं अस्तर जास्त वाढतं आणि त्याचे उंचवटे राहतात, बस एवढंच. हे स्वतः सहसा कॅन्सरकडे जात नाहीत, रक्त येत नसेल, आतड्यात अडथळा नसेल आणि डॉक्टरांना शंका नसेल तर काढावेही लागत नाहीत.

पण म्हणून निर्धास्त पण राहू नका. जुन्या कोलायटिसमध्ये कॅन्सरचा धोका वाढतोच, आणि या उंचवट्यांच्या गर्दीत एखादा खरा अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकतो असा पॉलिप) किंवा अगदी चपटा डिसप्लेसिया (पेशींमधला कॅन्सरआधीचा बदल) लपून राहू शकतो. म्हणून काही ठिकाणी स्कोपीच्या वेळी मिथिलीन ब्लू किंवा इंडिगो कार्मिन हे रंग फवारतात, त्याने अस्तराची नक्षी स्पष्ट दिसते आणि जे वेगळं दिसेल त्याचाच तुकडा घेता येतो. पोट नीट साफ झालेलं हवं आणि स्कोपी शक्यतो आजार शांत असताना करावी, कारण सुजलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली डिसप्लेसियासारख्याच दिसू शकतात आणि मग उगाच घोळ होतो. डिसप्लेसिया लिहून आलाच तर आतड्याच्या आजारांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला स्लाइड्स दाखवा, हे मी प्रत्येकाला सांगते. पूर्वी अशा वेळी मोठं आतडंच काढायचा सल्ला सर्रास मिळायचा, आता पॉलिपच्या कडा स्पष्ट असतील आणि तो पूर्ण निघाला तर बऱ्याचदा नियमित स्कोपी करून लक्ष ठेवतात.

आजार सुरू होऊन साधारण ८ वर्षं झाली की ही तपासणी सुरू करतात (फक्त गुदाशयापुरता असेल तर सहसा नाही), पण सोबत पीएससी हा पित्तनलिकांचा आजार असेल तर त्याच्या निदानापासूनच दरवर्षी. लेखात यातलं काहीच नव्हतं. एखाद्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडून खास या पेशंटसाठी लिहून घ्या ना, आणि त्यात बायोप्सीचा रिपोर्ट कसा वाचायचा तेही येऊ द्या.

एक वाचक