पित्ताच्या नावाखाली

मा. संपादक,
स. न.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर हार्ट अटॅकची माहिती आली, चांगली होती, पण चित्र परत तेच, छाती धरून बसलेला शर्ट-पॅन्टमधला माणूस. हा बाप्यांचाच आजार असंच आमच्या आईला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले. ऐन द्राक्षाच्या सीझनला आई, वय 61, दहा वर्षांची शुगर, चार दिवस म्हणत होती जबडा दुखतोय, पाठीत जड वाटतंय, जिना चढला की धाप लागतीय. शेजारीण म्हणली पित्त असंल, मग लिंबू-सोडा झाला, ओवा झाला, गावातल्या डॉक्टरांनी पण पित्ताचीच गोळी दिली, कार्डिओग्राम कुणाच्या डोक्यातच नाही. वर्षापूर्वी वडिलांच्या छातीत नुसतं चमकलं तर जेवणाची ताटं तशीच टाकून आम्ही मिरज गाठली होती, आणि निघाला गॅस! आईला नेलं पाचव्या दिवशी, भाकरी थापता थापता घामानं चिंब होऊन भिंतीला टेकली तेव्हा. अटॅकच होता, स्टेंट टाकली.

तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणल्या छातीत बायकांच्या पण दुखतंच, पण जोडीला धाप, मळमळ, थकवा, जबडा-पाठदुखी हे बाप्यांपेक्षा जास्त असतं आणि सगळं त्यातच झाकून जातं. पाळी आहे तोवर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचा थोडा आधार असतो म्हणून बायकांना हा आजार साधारण 7 ते 10 वर्षं उशिरा गाठतो, पण शुगर असली की बाईचा धोका पुरुषापेक्षा जास्त पटीनं वाढतो. बाळंतपणाच्या वेळी बीपी किंवा शुगर वाढली असेल तर ते पण पुढं डॉक्टरांना सांगायला पाहिजे, आमच्याकडं कोण सांगतंय! शिवाय काही बायकांच्या अँजिओग्राफीत मोठ्या नळ्या साफ दिसतात आणि बिघाड बारीक रक्तवाहिन्यांत असतो, मग 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवतात. आणि मिश्री, तिला तर आमच्याकडं तंबाखूत कोणी धरतच नाही, आई पण लावायची.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी चित्र टाकाल तेव्हा एक लुगड्यातली बाई टाका, काटवटीपुढं बसलेली, हात जबड्याला.

एक वाचक,
ता. तासगाव, जि. सांगली