कॅटमिंट लावच!

नेपरव्हिल, इलिनॉय
१८ एप्रिल

प्रिय वैशू,
सप्रेम नमस्कार.

ड्राइव्हवेकडची उन्हाची पट्टी भरायला दर मे महिन्यात नवी रोपं आणायची आणि थंडी पडली की उपटायची, याचा तुला कंटाळा आलाय ना? अगं, तिथे कॅटमिंट लाव, दरवर्षी मुळांतून पुन्हा फुटणारं फुलझाड आहे. फोनवर घाईत सांगायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मिनिआपोलिसच्या हिवाळ्याची काळजी नको. बागकामाच्या नकाशातल्या झोन ४ची, म्हणजे कडक हिवाळ्याच्या पट्ट्याची, थंडी ती सहज काढते. वरचं सगळं वाळतं, पण मुळं जिवंत राहतात. आत्ता माझ्या वाफ्यात जुन्या काड्यांच्या बुडाशी करड्या-हिरव्या पानांचे घट्ट गेंद आलेत. पान चुरडलं की पुदिन्याच्या जवळ जाणारा, जरा उग्र वास येतो. कोवळी काडी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते, आपल्या तुळशीची लागते तशीच. दोघी एकाच कुळातल्या. फक्त तुळस आपल्याला ऑक्टोबरात घरात घ्यावी लागते, हिला नाही.

नर्सरीत कॅटमिंटची ‘वॉकर्स लो’ ही जात माग. २००७ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने तिला वर्षाचं झाड म्हणून निवडलं होतं, आणि माझ्या मते ते अगदी योग्य होतं. दोन-अडीच फूट उंच होते आणि तीन फूट पसरते, म्हणून रोपांत तेवढं अंतर ठेव. रोपंच आण, ही संकरित जात वांझ आहे, त्यामुळे बी पडून बागभर माजतही नाही. कॅटनिप मात्र उचलू नकोस. ती वेगळी, पांढरट फुलांची, आणि वाटेल तिथे उगवते.

आता तुला जड जाणारी गोष्ट. खत घालू नकोस! तुझा हात सढळ आहे, मला माहीत आहे, पण सकस माती मिळाली की हिच्या काड्या लांबतात, आडव्या पडतात आणि झुडूप मधोमध उघडं पडतं. ऊन भरपूर आणि पाण्याचा निचरा चांगला, एवढंच बघ. पहिला उन्हाळा पाणी दे, पुढे फार लागत नाही. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर मात्र थंडीने न मरणारी ही कुजून मरते.

जूनमध्ये जांभळ्या-निळ्या तुऱ्यांनी झुडूप भरून जातं. गुबगुबीत भुंगा बसला की तुरा वाकतो, तो उडाला की परत सरळ. बहर मळकट दिसायला लागला की कात्री घे आणि निम्म्याहून जास्त छाट. जीव कळवळेल, पण छाटच. काही आठवडे बोडकं दिसेल, मग नवी पानं आणि दुसरा बहर, थेट सप्टेंबरपर्यंत. या एका छाटणीवर सगळी शोभा आहे. पानगळीत मात्र हात लावू नकोस. वाळक्या काड्या वसंतात काप.

हरणं आणि ससे सहसा तोंड लावत नाहीत. तुझी मनी लोळेल कदाचित. पानांतल्या नेपेटालॅक्टोन या वासाच्या द्रव्याने साधारण तीनांतल्या दोन मांजरी खुळावतात, आणि हे वेड त्यांना जन्मतःच मिळतं. कोवळ्या रोपांवर पहिले काही आठवडे जाळी घाल, म्हणजे झालं.

तुझ्या गुलाबांची खालची उघडी खोडं झाकायलाही हिच्यासारखं दुसरं काही नाही. मेमध्ये आम्ही येतोच आहोत, तेव्हा माझ्या जुन्या झुडपाचे तुकडे करून मुळांसकट आणते. तोवर माती खणून ठेव, आणि कंपोस्टची पोती गराजमध्येच राहू दे.

तुझी,
सुमा