पाकिटात नेमकी कोणती मुळी आहे?

महोदय,

वजन घटवणाऱ्या चिनी वनौषधींवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. ‘नैसर्गिक असल्यामुळे अपाय नाही’ हे त्यातले वाक्य मला स्वस्थ बसू देईना. फार्मसी कॉलेजात मी फार्माकोग्नॉसी शिकवत असे. वाळलेली मुळी, साल, पान हातात घेऊन ते कशाचे आहे हे मुलांना ओळखायला लावणे, हेच माझे आयुष्यभराचे काम. म्हणून बेल्जियममधल्या ब्रुसेल्सची हकिगत आपल्या वाचकांना सांगते.

तिथल्या एका दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी कितीतरी वर्षे कॅप्सूल दिल्या जात होत्या. १९९० मध्ये त्यांत दोन चिनी औषधी मिसळल्या गेल्या : हौ-पो ही साल आणि फांग-ची ही मुळी. १९९२ मध्ये मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पन्नाशीही न गाठलेल्या बायका येऊ लागल्या. किडन्या झपाट्याने निकामी होत चाललेल्या, आणि उपचार त्याच दवाखान्यातले. पुढे असे रुग्ण शंभरावर गेले. अनेकींच्या नशिबी डायलिसिस आले.

घडले ते असे. हवी होती ती फांग-ची म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा, आपल्या गुळवेलीच्या कुळातली. आली ती ग्वांग-फांग-ची, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची. नावे जवळची, आणि मुळीचे काप करून वाळवले की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. भुकटी झाल्यावर तर विचारूच नका. या दुसऱ्या मुळीतले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनीतल्या सूक्ष्म नलिका नष्ट करते आणि पेशींच्या डीएनएला चिकटून बसते; त्यातून कर्करोगही होऊ शकतो. किडन्या पूर्ण निकामी झालेल्यांपैकी ३९ रुग्णांनी खबरदारी म्हणून मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली. तपासणीत त्यांपैकी १८ जणांना कर्करोग आढळला. हे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा दोष मी चिनी वैद्यकाला देत नाही. त्या परंपरेत फांग-ची मुख्यतः अंगावरच्या सुजेसाठी, शरीरात साठलेल्या पाण्यासाठी आहे. एका जुन्या काढ्यात ती आले, ज्येष्ठमध, बोरासारखे एक फळ अशा जिनसांबरोबर उकळतात, आणि तोही वैद्याने नाडी आणि जीभ पाहून द्यायचा. ब्रुसेल्समध्ये फांग-ची समजून आलेली मुळी फेनफ्लुरामिनसारख्या भूक मारणाऱ्या औषधांबरोबर सरसकट दिली गेली. मा-हुआंगचेही तेच झाले. ती सर्दी-दम्याची वनस्पती. अमेरिकेत चरबी जाळण्याच्या गोळ्यांत गेली, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू नोंदले गेले, आणि अखेर २००४ मध्ये तिथे अशा गोळ्यांवर बंदी आली.

आमच्या शेजारच्या मुलीने लग्नाआधी बारीक होण्यासाठी असाच ‘चिनी चहा’ ऑनलाइन मागवला होता. छातीत धडधड, रात्रभर झोप नाही, भूक मेलेली. पाकीट पाहिले तर हिरव्या पानांचे चित्र, चिनी मजकूर आणि ‘शंभर टक्के हर्बल’ एवढेच इंग्रजीत. वनस्पतीचे शास्त्रीय नाव कुठेच नाही. चहा बंद करून पाकिटासकट डॉक्टरांकडे जा, असे मी तिला सांगितले. वजन घटवणाऱ्या अशा ‘हर्बल’ मालात न सांगता मिसळलेले सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध अनेक देशांत वारंवार सापडले आहे. हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे ते २०११ मध्येच बंद झाले.

आपले ते सगळे सुरक्षित, असेही कोणी समजू नये. ज्या सापसणाला आपण ईश्वरी म्हणतो, ती ब्रुसेल्सच्या त्या विषारी मुळीची सख्खी बहीण, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकियाच आहे.

तेव्हा कोणत्याही वनौषधीवर लिहिताना तिचे शास्त्रीय नाव आणि वापरायचा भाग जरूर छापा. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, हेही लिहा. आपल्या त्या लेखाच्याच पानाच्या तळाशी ‘महिन्यात दहा किलो कमी’ अशा औषधाची जाहिरात होती. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. ती जाहिरात पुन्हा घेऊ नये आणि ब्रुसेल्सची ही हकिगत त्याच पुरवणीत, लेखाइतक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली