ब्लाउज उलटा करून पाहणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

खणाचा ब्लाउज नेऊन तुम्हाला तीन आठवडे झाले. शिलाईचे पैसे तुम्ही तिथल्या तिथे दिलेत, पिशवी खांद्याला लावलीत आणि निघालात. तुमच्या लेखी आपला हिशेब तिथेच मिटला असेल. माझ्याकडून अजून बाकी आहे. त्या संध्याकाळी मला धड बोलताच आलं नाही. "बरं, या हं काकू," एवढंच कसंबसं म्हटलं. तुम्ही जिना उतरलात आणि मी दार लोटून मशीनपाशी बसून पोटभर रडले. ते तेव्हा न बोललेलं आज लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून असं उघड लिहिते आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझी मशीन विकायला काढलेली होती. इथे ठाण्यात, सावरकरनगरमध्येच एकांशी सहा हजारांवर बोलणं झालं होतं. मशीन देऊन टाकायची आणि वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम धरायचं, असं ठरत आलं होतं. काम मिळत नव्हतं अशातली गत नव्हती. फॉल-पिको, अस्तर लावणं, जुने ब्लाउज उसवून सैल करणं, हे सगळं चालूच होतं. मनच उठलं होतं.

त्याच्या आधीची सात वर्षं मी एका बुटिकमध्ये शिवायला होते. कुठल्या ते लिहीत नाही. तिथे आम्ही चौघी मागच्या खोलीत बसायचो. मालकीणबाई पडदा सरकवून आत यायच्या त्या फक्त चूक दाखवायला. गळा अर्धा सूत वाकडा, हुक मागेपुढे, कटोरीला चुणी. चूक दाखवली म्हणून माझी तक्रार नाही, चूक दाखवायलाच हवी. पण सात वर्षांत एकदाही कुणी "हे बरं झालंय" असं म्हटलं नाही. एका लग्नाचे पाच ब्लाउज आम्ही रात्री दोनपर्यंत बसून पूर्ण केले होते. नवरीची आई खूश होऊन पेढे घेऊन आली. पडद्याआडून आम्हाला तिचा आवाज ऐकू आला, "ज्यांनी शिवलेत त्यांच्यासाठी आणलेत." खोका काउंटरवर राहिला. संध्याकाळी तो मालकीणबाईंच्या गाडीतून घरी गेला. पेढ्याचं काय, जांभळी नाक्यावर पाव किलो मीही घेऊ शकते. पण ती बाई जे म्हणाली ते आत येऊन कुणी आम्हाला सांगितलं असतं, तर मी कदाचित अजून तिथेच असते.

आणि मग तुम्ही तो खण घेऊन आलात.

तुमच्या आईच्या ओटीतला, गुळेदगुड्डचा, ट्रंकेत किती वर्षं घडी करून ठेवलेला. घडीवर रंग उडालेला. पाडव्याच्या स्वागतयात्रेत घालायचा म्हणून दोन ठिकाणी दाखवलात आणि दोघांनीही "जुनं कापड, फाटलं तर आमची जबाबदारी नाही" म्हणून परत दिला. त्यांचंही खोटं नव्हतं. जुनं रेशीम कातर लागली की कडेने धागा सोडतं, जाड सुई गेली तर टिपेच्या रेषेत फाटतं. त्यात खणाचा पन्हा लहान. काठ बाहीलाही हवा आणि खालीही हवा, म्हणजे कापताना एक इंच इकडेतिकडे करायला जागा नाही. मी तीन दिवस कातरच लावली नाही. जुन्या चादरीचा आधी कच्चा ब्लाउज करून बघितला. मग मलमलचं अस्तर, नऊ नंबरची सुई, आणि आतली प्रत्येक कड दुमडून दोनदा टीप, म्हणजे कापडाची कापलेली बाजू कुठेही उघडी राहू नये. पुढे सैल करायला लागलं तर म्हणून बगलेत मार्जिन ठेवलं, तेही अस्तराच्या आत झाकून. ह्यातलं बाहेरून काहीच दिसत नाही. ते कुणी बघेल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

ब्लाउज न्यायला येणाऱ्या बायका काय करतात ते मला पाठ आहे. गळा बघतात, बाही बघतात, अंगाला लावून आरशात बघतात. तुम्ही पर्समधून चष्मा काढलात, आणि ब्लाउज उलटा केलात. खिडकीपाशी गेलात. मुंढ्याच्या शिलाईवरून बोट फिरवत नेलंत, खाकेपासून खांद्यापर्यंत, अगदी सावकाश, मग दुसऱ्या बाजूनेही तसंच. मी मशीनपाशी उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता, कारण इतकं निरखून कुणी बघायला लागलं की पुढे काय ऐकावं लागतं ते मला माहीत होतं.

"अगं, एक दोरा सुटलेला नाही," तुम्ही म्हणालात. "आतून कोण बघतंय म्हणून सोडून नाही दिलंस. माझी आई असती तर तिने तुझा हात हातात घेतला असता." आणि ते तुम्हीच केलंत. माझ्या बोटांना सुईचे घट्टे पडलेत, मला हात मागे घ्यावासा वाटला. तुम्ही सोडला नाहीत.

त्यानंतर म्हणालात, "डावी बाही मात्र किंचित सैल वाटते गं, तेवढी घे." काकू, तुम्हाला वाटलं असेल की उगाच बोलले. त्या एका वाक्यामुळे आधीचं सगळं मला खरं वाटलं. भाव कमी करायच्या आधी "तुमच्यासारखं कुणीच शिवत नाही हो" म्हणणाऱ्या बायका मी रोज ऐकते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारं बोलणं मला लगेच कळतं, ते कानावरून जातं. तुम्ही सैल बाही सांगितलीत, म्हणजे तुम्ही खरंच बघितलं होतंत.

त्या रात्री मशीनवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

माझी मुलगी वाशीला बीएड करते. तिला हे सांगितलं तर तिने तिच्या अभ्यासातला एक प्रयोग मला समजावून सांगितला. एलिझाबेथ हरलॉक नावाच्या अमेरिकन बाईंचा, 1925 सालचा. शाळेतल्या मुलांना रोज बेरजा घालायच्या. काही मुलांना सगळ्यांसमोर शाबासकी, काहींना सगळ्यांसमोर ओरडा, आणि काहींना काहीच म्हणायचं नाही, त्यांनी नुसतं दुसऱ्यांचं ऐकत बसायचं. ओरडा खाल्लेली मुलं सुरुवातीला सुधारली, मग घसरली. शाबासकीवाली पुढे जात राहिली. आणि ज्यांना कुणी काही बोललंच नाही, ती मुलं शाबासकीवाल्यांच्याच काय, ओरडा खाल्लेल्यांच्याही मागे राहिली. मुलगी पुढेही बरंच सांगत होती, पण मी त्या तिसऱ्या मुलांपाशीच अडकले. वर्गात बसून, आपलं नाव कधी येतं याची वाट बघणारी. पडद्यामागच्या आम्ही चौघी मला दिसल्या.

आपल्याकडे तोंडावर चांगलं म्हणत नाहीत. पोर शेफारेल, सून डोक्यावर बसेल, कामाची बाई पगार वाढवून मागेल. माझे वडील माझ्या हातच्या पुरणपोळ्या शेजाऱ्यांना कौतुकाने नेऊन द्यायचे, मला एकदाही काही म्हणाले नाहीत. ते गेल्यावर शेजारच्या मावशींकडून कळलं. त्यांच्या मायेत काही कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही ब्लाउज नेलात त्या संध्याकाळपासून मी जरा वेगळं वागायला लागले आहे, आणि ते तुमच्यामुळे झालं. परवा टीएमटीच्या बसमध्ये एका आजोबांना चढता येईना, तर कंडक्टरने डबल बेल द्यायच्या आधी स्वतः खाली उतरून त्यांना हात दिला. उतरताना मी त्याला म्हटलं, "दादा, आजोबांसाठी थांबलात ते फार चांगलं केलंत." तो आधी गोंधळला, मग मान खाली घालून सुट्टे पैसे मोजायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. माझेही त्या दिवशी तसेच झाले असणार.

पाडव्याला मी तलावपाळीला आले होते, मुद्दाम. गर्दीत तुम्ही दिसलात. नऊवारी, नथ, आणि तो खण. ऊन त्याच्या काठावर पडलं होतं. हाक मारणार होते, पण ढोल-ताशात ऐकू गेली नसती, आणि तुम्ही कुणाला तरी बाही दाखवून काहीतरी सांगत होतात. मी कडेला उभी राहून बघत राहिले. डावी बाही आता नीट बसली आहे, काकू.

एक राहिलं. तुमच्या खणाचा वीतभर तुकडा माझ्याकडे उरला आहे, काठासकट. कात्रणांच्या पिशवीत टाकवला नाही, डब्यात वेगळा ठेवलाय. तो तुमच्या आईचा आहे. येत्या गुरुवारी माप घ्यायला वर्तकनगरला येणार आहे, तेव्हा घेऊन येते. दुपारी घरी असाल ना?

तुमची,
सावरकरनगरची शिवणवाली