रंगपंचमीनंतर सायकल घरीच धुवा, पण पेट्रोलने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंगपंचमी तोंडावर आली की वर्तमानपत्रांत त्वचा आणि केस कसे जपावेत यावर हमखास मजकूर येतो. अंगाला आधीच तेल लावा, डोळे सांभाळा, रंग खसाखसा घासू नका. उपयोगाचाच सल्ला असतो, तो यावा. मात्र सायकलीबद्दल त्यात एक ओळही नसते. इंदुरात गेर, म्हणजे रंगपंचमीला रंग उडवत निघणारी मिरवणूक, पाहायला निघालेली कितीतरी मुले राजवाड्याच्या अलीकडच्या एखाद्या गल्लीत सायकल लावून पुढे पायी जातात. टँकरवरच्या पंपांचा रंग चार-चार मजले चढतो, तो गल्लीतल्या सायकलींना थोडाच सोडणार? संध्याकाळी सायकल घरी येते ती लाल-हिरवी होऊन, आणि दांड्यावर कुणाच्या तरी हाताचा चांदीच्या तेलकट रंगाचा पंजा उमटलेला. दुसऱ्या दिवशी ती साफ करायला मुले जे उद्योग करतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

पहिला आणि सर्वांत वाईट उद्योग पेट्रोलचा. स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढायचे, चिंधी बुडवायची आणि जिन्याखाली किंवा मागच्या मोरीत बसून फ्रेम पुसायची. चांदीचा रंग त्याने झटकन निघतो हे खरे. पण पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते, मग फाल्गुनातल्या आपल्या दुपारची गोष्टच सोडा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसपर्यंत किंवा गीझरपर्यंत पोचते. पेटवणारा एकीकडे, पेट्रोल दुसरीकडे, आणि मध्ये कुणाला काही दिसत नाही. शिवाय पेट्रोलमधले बेंझीन श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते. घरात मुले असतील तर हा प्रकार आई-वडिलांनी सरळ बंद करावा, तिथे लाड नकोत.

दुसरा उद्योग वॉशिंग सेंटरचा. यात जिवाला धोका नाही, सायकलीला मात्र आहे. घरच्या नळाच्या पाण्याचा दाब फार तर दोन-तीन बार असतो, गाड्या धुण्याच्या पंपाचा १०० बारच्या आसपास. ती धार मोटारीच्या पत्र्यासाठी ठीक आहे. सायकलीच्या हबमध्ये, हँडलच्या कपांत आणि पेडलच्या एक्सलपाशी छर्रे ग्रीसमध्ये बसलेले असतात आणि त्यांच्यावरचे झाकण धूळ अडवण्यापुरतेच असते. जवळून मारलेली धार ते ओलांडून आत जाते. बाहेरून सायकल लखलखते आणि पावसाळा यायच्या आत पेडल करकरू लागते. अशी एक सायकल उघडून पाहिली तेव्हा आतले ग्रीस ताकासारखे पांढुरके पडले होते आणि छर्ऱ्यांवर तपकिरी डाग धरले होते. ग्रीसमध्ये पाणी मिसळले की असेच होते.

घरी धुवायला लागते काय? बादलीभर पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार थेंब, दोन मऊ फडकी, एक रंगकामाचा जुना ब्रश आणि एक दात घासायचा. बस. आणि पाणी बादलीभरच घ्यावे. आपल्याकडे नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते, ते पाइपने अंगणात ओतून द्यायचे नसते.

क्रम मात्र चुकवू नये. आधी कोरडी सायकल ब्रशने झटकायची. गुलालावर पहिल्यांदाच पाणी पडले तर त्याचा चिखल होतो, तो फटींत शिरतो, आणि त्यातली कचकच फडक्याखाली येऊन फ्रेमच्या रंगावर ओरखडे उमटवते. तोंडाला रुमाल बांधून, उघड्यावर, निवांत झटकावे. मग साबणाच्या पाण्यात फडके पिळून वरून खाली पुसत यायचे: हँडल, दांडा, खालची नळी, मागचा चिमटा. चेन सगळ्यात शेवटी आणि तिचे फडके वेगळे. साबण स्वच्छ पाण्याच्या फडक्याने काढून लगेच कोरडे करायचे. चांदीच्या तेलकट रंगावर थोडे खायचे तेल चोळून दहा मिनिटे थांबावे, तो सैल पडतो. मग साबण लावावा. तरी नाही निघाला तर थिनर आणू नका, थिनर त्या रंगाबरोबर फ्रेमचा रंग आणि स्टिकरही घेऊन जातो. थोडा डाग राहिला तर राहू द्यावा.

हल्ली बऱ्याच सायकलींच्या फ्रेम ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा संडास साफ करायचे ॲसिड लावू नये. रंग उडालेल्या जागी धातू खाल्ला जातो आणि पांढरट खड्डे पडतात. जुन्या लोखंडी फ्रेमचे दुखणे निराळे: ती आतून गंजते. पेडलच्या एक्सलखाली नळीला बहुधा एक बारीक भोक असते. तिथे माती किंवा रंग बसला असेल तर काडीने मोकळे करावे, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर पडते. सीटचा पाइप खुणेची चिकटपट्टी लावून काढावा, सायकल थोडा वेळ उलटी ठेवावी आणि पाइपला जरासे ग्रीस लावून परत बसवावा. एवढ्याने फ्रेमचे आयुष्य वाढते.

फ्रेम हातात आहे तर ती नीट पाहूनही घ्यावी. माझ्या मते घरी धुण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, तो वॉशिंग सेंटरमध्ये कधीच मिळत नाही. हँडलखाली जिथे दांडा आणि खालची नळी येऊन मिळतात तो जोड, पेडलजवळचे जोड आणि मागच्या चाकाचे नट बसतात ती जागा, इथे उजेडात डोळे लावून बघा. केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावरून नख आडवे फिरवा. नख अडकले, किंवा पुसल्यावरही रेघेतून गंजाचा ओघळ पुन्हा उमटला, तर तो ओरखडा नसून तडा असू शकतो. अशा सायकलवर बसू नये, मेकॅनिकला दाखवावी. चालत्या सायकलची पुढची नळी तुटली तर माणूस तोंडावरच आपटतो.

चेनबद्दल थोडेच सांगतो. फडके चेनच्या खालच्या पदराला धरायचे आणि पेडल हाताने सावकाश उलटे फिरवायचे. चाक जोरात फिरवून दातऱ्यांजवळ फडके कधीही धरू नये, फडक्यामागोमाग बोट जाते. लहान मुलांना हे काम एकट्याने देऊ नये. वंगण म्हणून खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. मशीन ऑइलचा एकेक थेंब प्रत्येक कडीला द्यावा आणि वरचे तेल पुसून टाकावे. हे तेल, किंवा चेनचे फडके, रिमला आणि ब्रेकच्या रबरांना लागता कामा नये. डिस्क ब्रेक असेल तर त्या चकतीला तेलकट बोटही नको. धुऊन झाल्यावर पहिली चक्कर कॉलनीच्या आतच मारावी, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत आणि मगच मोठ्या रस्त्यावर जावे.

तेलकट चिंध्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. आपल्या कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, त्यात त्या जाऊ द्याव्यात.

रंगपंचमीच्या मजकुराला यंदा एक छोटी चौकट जोडता आली तर पाहावे, ही विनंती. जागा कमी पडली तर बाकी सगळे गाळा, पेट्रोलची गोष्ट तेवढी ठळक छापा. आणि ती गेरच्या आदल्या दिवशी छापावी. दुसऱ्या दिवशीचा पेपर घरोघर उघडेपर्यंत वाट्या भरलेल्या असतात.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक,
रामबाग, इंदूर