ग्रोनिंगेनहून आप्पांना

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

इथे नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रांतातही भूकंप होतात म्हटल्यावर तुमचा विश्वासच बसला नाही. ना डोंगर, ना धरण, मग जमीन हलते कशी? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

१९५९ साली स्लोख्तेरेन गावाजवळ, जमिनीखाली सुमारे तीन किलोमीटरवर नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. थोड्याच वर्षांत देशातल्या बहुतेक घरांत त्याच वायूवर स्वयंपाक व्हायला लागला. खडकातला वायू काढला की आतला दाब उतरतो, थर दबतो आणि जुन्या भेगांपाशी खडक सरकतो. धक्का उथळ, वरची माती मऊ, त्यामुळे लहानसा हादराही विटांच्या घरांना पुरतो. कोयनेचं कारण वेगळं, तिथे जलाशयाचं पाणी. पण माणसाच्या कामामुळे भूकंप होतो हे मान्य व्हायला किती वाद घालावे लागतात, ते पाटणच्या माणसाला मी काय सांगणार! इथल्या मेंट फान डेर स्लाउस या भूगोलाच्या अभ्यासकानं १९८० च्या दशकातच धोका सांगितला होता. त्याला वेड्यात काढलं. अधिकृत अहवालात हा संबंध मान्य झाला तो १९९३ मध्ये.

मला सगळ्यात जास्त चीड पुढच्या गोष्टीची येते. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं जानेवारी २०१३ मध्ये लेखी सल्ला दिला, की उत्पादन शक्य तितक्या लवकर कमी करा. सरकारनं आणखी अभ्यास करायचं ठरवलं आणि त्याच वर्षी सुमारे ५४ अब्ज घनमीटर वायू काढला गेला, कित्येक वर्षांतला उच्चांक! वायू काढणारी कंपनी शेल आणि एक्सॉन यांची, पण नफ्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीत जायचा. विकणाराही सरकार आणि रक्षण करणाराही सरकार, मग रक्षण मागे पडणारच. इथले कायदे चांगले आहेत, कागदपत्रं चोख आहेत, अधिकारी लाच मागत नाहीत. तरीही हे घडलं.

शेजारच्या आजींचं घर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून लाकडी टेकू आहेत आणि खिडकीवरच्या भेगेवर ती किती रुंदावते ते मोजायची पट्टी चिकटवली आहे. त्यांनी मला फायली दाखवल्या. एक तपासनीस म्हणतो भेग भूकंपाची, दुसरा म्हणतो पाया खचला. सुरुवातीला नुकसान वायूमुळेच झालं हे घरमालकानं सिद्ध करायचं होतं. पुढे कायदा बदलला आणि ते आपल्यामुळे झालं नाही, हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर आली. घर मजबूत करायचं की पाडून नवं बांधायचं, याचे निकष मात्र सारखे बदलत राहिले. त्यामुळे एकाच गल्लीत एकाला नवं घर आणि समोरच्याला टेकू. शेजाऱ्यांत अबोला आलाय, आणि मला तर ते भेगांपेक्षा वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मनापासून पटली. संसदेनं चौकशी समिती नेमली. माजी मंत्री, कंपनीचे अधिकारी, भूकंपग्रस्त, सगळ्यांना शपथ घ्यायला लावून जाहीरपणे प्रश्न विचारले. फेब्रुवारी २०२३ मधल्या अहवालानं स्पष्ट म्हटलं, की ग्रोनिंगेनच्या लोकांच्या हिताकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं. पंतप्रधान रुट्टे यांनी माफी मागितली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला उत्पादन थांबलं आणि २०२४ मध्ये कायद्यानंच साठा कायमचा बंद झाला. युक्रेन युद्धानं वायूचे भाव भडकलेले असतानाही हा निर्णय टिकला. सरकारनं तीस वर्षांत मिळून २२ अब्ज युरो द्यायचं कबूल केलंय. पैसा येईल, पण घरांची कामं फार सावकाश चालली आहेत. ऐंशी वर्षांच्या बाईनं आणखी किती वाट पाहायची?

आपल्या कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्नही अजून सुटलेले नाहीत. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा इथल्या उघड साक्षींबद्दल जरूर सांगा. जमीन वाटपाचे निर्णय ज्यांनी अडवले, त्यांनाही लोकांसमोर असेच प्रश्न विचारायला हवेत. अहवालाचा इंग्रजी सारांश मिळाला की छापून पाठवते, बैठकीत वाचायला उपयोगी पडेल.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची,
सुमन