समासातल्या पेन्सिलीसाठी, मॅडम

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघडच लिहिते आहे. चार दिवसांपूर्वी पीएच.डी.च्या प्रवेशाचा अर्ज भरला आणि घरी येऊन तुम्ही वाचलेली माझी ती सहा पानं पुन्हा काढली. ती बघताना रडू आवरेना. तेव्हाच ठरवलं की हे सांगितल्याशिवाय राहायचं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी चार वर्षं या प्रश्नाच्या मागे होते. पीएच.डी. करायची इच्छा होती, पण मला ती झेपेल का, हे कुणाला तरी विचारायचं होतं. एका सरांनी माझी फाईल न उघडताच टेबलावरून परत सरकवली आणि म्हणाले, "मुलं लहान आहेत ना अजून?" दुसऱ्यांनी सांगितलं, विषय मी देतो, तुम्ही फक्त माझ्याकडे येत राहा. दीड वर्ष येत राहिले. त्यांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, गुणांच्या याद्या केल्या, विषय काही मिळाला नाही. तिसऱ्यांनी पैसे घेऊन संशोधनाचा पेपर छापून देणाऱ्याचा नंबर हातात ठेवला. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमावलीनं काढून टाकली आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. नेट झालं का, सेट झालं का, टक्के किती, हे सगळ्यांनी विचारलं. तुला नेमकं काय शोधायचंय, हे एकानंही विचारलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही, मॅडम, आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

तुमच्या राजारामपुरीतल्या घरी आले तेव्हा जुलैचा पाऊस कोसळत होता. मी प्रमाणपत्रांची फाईल पुढे केली. तुम्ही ती बाजूला ठेवली आणि विचारलंत, "या विषयावर स्वतः काही लिहिलंयस का?" गुऱ्हाळांवर लिहिलेली सहा पानं पिशवीत होती, ती भीत भीत दिली. तुम्ही चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलंत आणि वाचायला बसलात. मधे दोनदा फोन वाजला, तुम्ही तो उचलला नाहीत. चहा गार झाला. तासभर तरी तुम्ही वाचत होता आणि मी तुमच्या हाताकडे बघत होते.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं लिखाण इतक्या लक्षपूर्वक वाचत होतं.

तिसऱ्या पानावर मी गूळ करणाऱ्या कारागिरांबद्दल लिहिलं होतं, 'गुळव्यांची पुढची पिढी या धंद्यात यायला तयार नाही.' त्या वाक्याशेजारी समासात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंत, 'हे तू पाहिलंस, की ऐकलंस?' मी ऐकलं होतं. सगळे म्हणतात म्हणून लिहिलं होतं. पेनानं का नाही लिहिलं, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "पटलं नाही तर तुला खोडता आलं पाहिजे." मॅडम, माझी परीक्षा तुम्ही त्या एका प्रश्नात घेतलीत, आणि नापास झाले तरी मला लाज वाटू दिली नाहीत.

तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. शिवाजी विद्यापीठात खर्डेकरांच्या नावाच्या ग्रंथालयात बसून दोन प्रबंध वाचून यायला सांगितलंत. आधी निष्कर्ष वाच, मग संशोधन पद्धतीचं प्रकरण, आणि बघ की हे निष्कर्ष त्या पद्धतीतून खरंच निघतात का. बाकीचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, घरबसल्या वाचले. मग आठवड्याचे तास मांडायला लावलेत. मी तासिका तत्त्वावर शिकवते, शिकवणी घेते, सासूबाईंचं पथ्यपाणी बघते. किमान तीन वर्षं, कमाल सहा, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत, हे नियमावलीतलं मला पाठ होतं. पण वहीत तास मांडले तेव्हा आठवड्याला चारच उरले. त्या वहीवरून तुम्ही मला काही बोलला नाहीत. "यंदा नको, नवऱ्याशी बोल, शिकवणीची एक बॅच कमी होते का बघ," एवढंच म्हणालात. त्या वर्षी मी अर्ज भरला नाही. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटली आणि मी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जायला लागले. वर्गात मी कोल्हापुरी गुळाचं भौगोलिक मानांकन शिकवते, शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ शिकवते, पण चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या चुलीच्या, धगीत त्याआधी कधी उभी राहिले नव्हते. आता आठ रात्री राहिले. काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, उकळत्या पाकातला थोडासा गुळव्यानं गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली, दाबून बघितली आणि मान हलवली. शेजारी त्याचा सतरा वर्षांचा पोरगा होता. त्यानंही न सांगता हात घातला, गोळी वळली आणि म्हणाला, "अजून थोडं." बाप काही बोलला नाही, पण काहील लगेच उतरवली नाही. नंतर पोराशी बोलले. तो आयटीआयला जातो. "काम येतंय की मला," म्हणाला, "पण हंगाम संपल्यावर काय करायचं?"

म्हणजे माझं वाक्य चूक होतं, आणि ज्यांच्याकडून मी ते ऐकलं होतं त्यांचंही. पोराच्या हातात कसब आहे. नाही ती वर्षभराची कमाई. ते वाक्य मी स्वतः खोडलं आणि खाली नवा प्रश्न लिहिला. अर्जासोबतच्या आराखड्यात तोच आहे.

चांगली माणसं म्हणजे फार मोठं काही करणारी, असं मला वाटायचं. कोल्हापूरनं तशी माणसं पाहिली आहेत. 1917 साली शाहू महाराजांनी इथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि माझ्या आजीच्या घरात पहिली पाटी त्यामुळे आली. पण समोरच्याची सहा पानं मन लावून वाचणं, त्याला खोटी आशा न दाखवणं आणि त्याचा उत्साहही न मारणं, हेसुद्धा तेवढंच मोठं आहे. ते कुणालाही करता येतं. तरीही चार वर्षांत माझ्यासाठी ते फक्त तुम्ही केलंत. निवृत्त झाल्यावर, गुडघे दुखत असताना, पावसात दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईसाठी.

प्रवेश मिळेल की नाही, माहीत नाही. मुलाखतीची धाकधूक आहे. पण कुणी विचारलं, "तयारी आहे का?" तर आता छातीवर हात ठेवून हो म्हणेन. आठवड्याचे चौदा तास मोकळे केलेत. ह्यांनी सकाळचा डबा आपल्याकडे घेतलाय.

यंदाचं पहिलं आधण निघालं की ताज्या गुळाची ढेप घेऊन येते. सोबत नवी पानं आणीन. समास मोठा सोडलाय.

तुमची,
गुऱ्हाळवाली विद्यार्थिनी